करकर

सुभाषनगरात आमच्या दारी
बाभळीच्या सालीचा वास आधी येतो, मग माणूस.
त्या वासावर भरवसा ठेवून
आत्यानं पहिलं पुस्तक उसवलं.

बंदीचा तो दुसरा उन्हाळा.
छापखान्यांतले खिळे उद्यमनगरच्या भट्टीत वितळवून
त्यांच्या नळाच्या तोट्या झाल्या होत्या,
आणि शुद्धी खात्याचा टेम्पो
सोमवारी-गुरुवारी भोंगा वाजवत यायचा :
कागद द्या, वजनावर गूळ घ्या.
लोकांनी दिला. खोटं कशाला बोलू, आम्हीपण दिला.
माझी चौथीची वही गेली, पावशेर गुळाला.

आत्या निलव्वा, वेणी घालण्यात गल्लीत एक नंबर,
अक्षराशी ओळख नाही.
म्हणायची, मी कुठं वाचतो? मी नुसता शिवतो.
पानाची घडी टाचेएवढी,
वर मेणकापड, वर चामडं,
आणि आरी चालवायची ती ओळी चुकवत.
डाव्या पायात एक पान, उजव्यात त्याच्या पुढचं.
चप्पल करकरली पाहिजे ही इथली रीत,
कागदानं ती जास्तच करकरायला लागली.
गिऱ्हाईक खूश.

कार्यालयाबाहेर दस्तगीरचा चप्पल स्टँड.
आत पंगत तांबड्या-पांढऱ्यावर बसली
की बाहेर, पाण्याच्या टँकरमागं,
चौघं-पाचजण टाचा उसवून वाचायचे,
वऱ्हाड ढेकर देत बाहेर यायच्या आत
परत शिवून ठेवायचे.
कुणाला ठाऊक होतं, कुणाला नव्हतं.
आपल्या पायाखाली काय चाललंय
हे विचारायची सवय गावाची मोडलीच होती.

मग इंगवले साहेब आले.
झडती नव्हती, पोरीचं लग्न होतं.
‘मावशी, अशी द्या,
की मी आलो हे गल्लीला आधी कळलं पाहिजे.’
नऊ नंबरचा तयार जोड एकच होता.
आत्यानं माझ्याकडं बघितलं, मी आढ्याकडं.
पैसे त्यांनी दिले नाहीत, ते धरूनच होतो.

आता पान एकशे सत्तेचाळीस ते एकशे पन्नास
सरकारी जीपमधून हिंडतं.
साहेब धाडीला निघाले की कोपऱ्यावरनंच करकर,
तेवढ्यात पुस्तकं पिठाच्या डब्यात जातात,
बंबाच्या राखेत जातात.
तीन घरं वाचली त्या चार पानांनी.

पण पुस्तक अडलंय.
एकशे सेहेचाळिसाला बाई दाराची कडी काढते.
एकशे एक्कावन्नाला ती नदीपलीकडं आहे,
कडेवर कुणाचं तरी मूल.
मधलं काय?
सगळे आत्याला विचारतात, तूच शिवलंस ना.
ती डोळे मिटते.
‘त्यात ते फासाचं अक्षर लई होतं. आपल्या वेणीगत.’
म्हणजे ळ.

तेव्हापासून टँकरमागं हेच.
दस्तगीर म्हणतो, वादळ.
निवृत्त झालेले बिडकर मास्तर म्हणतात, मोकळी.
कासाराची सून कधी बोलत नाही,
ती म्हणाली, बाळ नव्हतं तिचं, आणि लगेच उठून गेली.

परवा रात्री आत्यानं कातड्याचा तुकडा पुढं केला.
‘मला ते काढायला शिकीव.’
साठीनंतर, आरीनं, दिव्याखाली
तिनं तेवढंच अक्षर गिरवलं.
अ नाही, आ नाही.
ओल्या चामड्यावर ळ, ळ, ळ,
शेवटचा जरा बरा आला.

नवी चप्पल वर्षाला टाच मागते.
साहेब कधीतरी दुरुस्तीला येणारच.
काल दुरून करकर आली,
गल्लीनं डबे झाकले, दिवे बारीक केले.
आत्यानं पोतं झटकलं,
बसायला जागा केली,
दोऱ्याला मेण लावलं, आणि कान दिला.
डावा पाय थोडा जास्त बोलत होता.